शपथेची शेवटची ओळ

"आ कर."

सानिकानं ओठ घट्ट मिटले आणि दोन्ही हात पाठीमागं नेले. शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं पोरं जातात ती सहसा नको ते करायलाच. मधल्या सुट्टीत मी त्यांना हुसकायला गेले, तर तिथं ही एकटीच उकिडवी बसलेली. तिसरीतली पोर, सगळ्या शाळेत खणखणीत आवाजाची.

"आ कर म्हणते ना."

"दात घासालोय, बाई."

आमच्या त्या कोल्हापूरकडच्या भागात मुलीसुद्धा 'आलो', 'गेलो' असंच बोलतात, त्याचं मला काही नवल नव्हतं. पण भर दुपारी दात घासणारी पोर मी पहिल्यांदाच बघत होते.

"का गं, सकाळी घासले नाहीस?"

"घासलं की. सकाळी घासतोय, आत्ता घासतोय, शाळा सुटल्यावर घासतोय, आन् निजताना."

"आणि नाही घासले तर?"

"डोकं दुखतंय. हातपाय गळल्यागत हुतंय."

मी हात पुढं केला. तिनं निमूटपणे एक डबी माझ्या तळहातावर ठेवली. पत्र्याची, झाकणावर मोर असलेली, कधीकाळी कुंकवाची असावी. आत काळीभोर पूड. हुंगून बघायचीही गरज नव्हती, मी त्याच पट्ट्यातली. तंबाखू तव्यावर काळी पडेस्तोवर भाजायची, चुरडायची आणि बोटानं हिरड्यांना घासायची. माझ्या दोन्ही आत्या जन्मभर ही मिश्री लावत होत्या, आणि मिश्रीवाचून त्यांचा जीव कसा कासावीस व्हायचा ते मी लहानपणी बघितलेलं होतं.

"सानिका, ही तंबाखू आहे."

तिला हसू आलं. "न्हाई ओ बाई, मिश्री हाय. तंबाखू गडीमाणसं खात्यात. ही दात घासायची."

"बरं. आई मिश्री कशी करते, सांग बघू मला."

"वखारीतनं चुरा आणती," ती भराभरा सांगू लागली. "मग तवा तापीवती, आन् तव्यावर ती..."

ती थांबली. पुढचा शब्द तिला माहीत होता, तोंडातून मात्र निघेना. रोज सकाळी तोच शब्द ती सगळ्या शाळेकडून म्हणवून घ्यायची. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"म्हंजे मी शपथ मोडली, बाई?"

"अगं, तुला कुठं माहीत होतं?"

"रोज मोडली?" तिनं विचारलं, आणि मग अगदी हळू म्हणाली, "बाई, आईच्या तोंडात फोड आलाय. लई दिस झालं, बराच हुईना."

फोडाचा आणि शपथेचा संबंध या पोरीच्या डोक्यात कुठून आला, तेही सांगायला हवं. त्या वर्षी शाळा तंबाखूमुक्त करा, असं वरून फर्मान आलं होतं. असली फर्मानं एरवी फायलीत जाऊन निजतात. पण आमचे मुख्याध्यापक चौगुले गुरुजी यांनी ते मनाला लावून घेतलं. शाळा दोन शिक्षकांची, ते आणि मी. त्यांचा धाकटा भाऊ गुटख्यापायी तोंडाच्या कॅन्सरनं गेला होता, लग्नाची हळद निघायच्या आत. गुरुजींनी प्रभातफेऱ्या काढल्या, भिंतीवर कवट्या रंगवल्या, शाळेच्या फाटकापासून शंभर यार्डांवर रस्त्यात पिवळा पट्टा मारून घेतला. पानटपरीवाल्यानं टपरी पट्ट्याच्या पलीकडं सरकवली आणि गिऱ्हाइकांना बसायचं बाकडं अलीकडं टाकलं. गाव त्यावर चार दिवस पोट धरून हसलं.

हसणारच. निम्म्या गावाची चूल तंबाखूवर पेटायची. निपाणी हाकेच्या अंतरावर, शिवारात तंबाखू, गावाच्या टोकाला तंबाखूची वखार, आणि त्या वखारीत चाळायला-निवडायला गावातल्याच बाया. आमच्या प्रभातफेरीचा लाऊडस्पीकरसुद्धा वखारीच्या शेटजींनीच दिला होता, वर पोरांना बिस्किटाचे पुडे. चोराच्या हातची लंगोटी म्हणून आम्ही ते घेतलं.

शपथ रोज परिपाठाला व्हायची. 'मी तंबाखू, गुटखा, विडी, सिगारेट यांना कधीही शिवणार नाही' वगैरे छापील शपथ होती, तिच्यात मिश्रीचं नावही नव्हतं. ती छापणाऱ्याच्या घरात मिश्री लावत नसणार. गुरुजींनी मात्र शेवटी पदरची एक ओळ जोडली होती. 'ही शपथ मी मोडणार नाही, माझ्या आईची शपथ.'

मी तेव्हाच म्हटलं होतं, "गुरुजी, आईला कशाला मध्ये ओढता?"

"छापील शपथेला पोरं भीक घालत नाहीत हो बाई. आईची म्हटली की टरकतात. माझ्या भावाला कुणी वेळेवर अशी घातली असती तर..." भाऊ गेलेल्या माणसापुढं मी तो विषय तिथंच सोडला.

ती शपथ सांगायचं काम सानिकाकडं होतं. ती एकेक ओळ म्हणायची आणि तिच्यामागून सगळी शाळा.

टाकीमागं मी तिला जवळ घेतलं. "हे बघ, शपथ मोडली म्हणून कुणाला काही होत नसतं. आई स्वतः मिश्री लावते म्हणून तिला फोड आलाय."

"मग शपथ कशाला घ्यायची?"

इकडं आड, तिकडं विहीर. काही होत नाही असं दामटून सांगितलं तर पोर उद्या पुन्हा टाकीमागं येणार, आणि होतं म्हटलं तर जन्माची धास्ती घेणार. 'शपथ आपल्या भल्यासाठी असते' असं काहीतरी पुस्तकी मी बोलले. तिचं लक्षच नव्हतं. तिनं डबी मातीत उपडी केली, वर पायानं माती ओढली आणि नळाखाली जाऊन हिरड्यांतून रक्त येईस्तोवर बोट घासून घासून चुळा भरल्या.

"आता न्हाई लावत. मग आईचा फोड बरा हुईल न्हवं?"

"आईला दवाखान्यात न्यायला पाहिजे, बाळा."

"पण मी सोडल्यावर?"

पोरीनं सोडली. मोठमोठे बाप्ये ज्यापुढं हात टेकतात ते त्या एवढ्याशा जिवानं केलं. पहिले काही दिवस तिचं डोकं ठणकायचं, बाकावर मान टाकून पडून राहायची. एकदा एका पोराला उगाचच बोचकारलं. मधली सुट्टी झाली की माझ्यापुढं येऊन दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. "बोटं वळवळत्यात बाई," म्हणायची. मी तिला गूळ-शेंगदाणे द्यायची आणि पाढे म्हणायला लावायची. गुरुजींना मी अभिमानानं सांगितलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बघा," ते म्हणाले, "त्या एका ओळीनं केलं की नाही?"

रोज सकाळी मात्र ती मला फोडाची बातमी द्यायची. आज जरा कमी दिसतोय. आज तेवढाच हाय. काल आईनं भाकरी कुस्करून पाण्यातनं खाल्ली. अशा बातम्या ऐकून ऐकून मला राहवेना, म्हणून एका रविवारी मी तिच्या घरी गेले.

तिची आई शालन तिशीचीसुद्धा नसेल, पण गालफडं बसलेली. नवरा ट्रकवर, महिन्यातून कधी उगवला तर उगवला. मी तिला तोंड उघडायला सांगितलं. दोन बोटं कशीबशी जातील एवढंच उघडलं. आत गालाला पांढरा चट्टा आणि मध्ये खोल जखम. त्या जखमेला ती फोड म्हणत होती.

"शालन, उद्याच्या उद्या माझ्याबरोबर कोल्हापूरला चल."

"जाऊ की बाई. हंगाम तेवढा उरकू दे. आत्ता खाडा केला तर मुकादमीण माझ्या जागी दुसरी बसवती, आन् मग वर्सभर काय खाऊ?"

"मग मिश्री तरी सोड. एवढीशी पोर सोडते, तू मोठी बाई."

ती हसली. हसतानाही तोंड एका बाजूनं धरून हसली. "दिसभर तंबाखूच्या धुरळ्यात बसायचं. नाकात तीच, डोळ्यात तीच, भाकरीला वास तिचाच. एक बोट मिश्री सोडून काय हुतंय, बाई? ती लावली की भूक मरती. आन् फोडाची कळ पण मरती."

ज्यानं दुखणं आणलं तेच तिचं औषध होऊन बसलं होतं. मला तिचा राग आला, आणि रागापेक्षा कीव जास्त आली.

"सानिकाला वाटतंय तिनं शपथ मोडली म्हणून तुला हे झालं," मी सांगून टाकलं. "तूच तिला समजाव. माझं ऐकत नाही ती."

"माझ्यावर शपथ घेतली व्हय? खुळी कुठली," शालन म्हणाली, पण तिला ते आवडलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. "ऱ्हाऊ द्या की बाई. त्या भ्यानं का हुईना, सुटली. माझ्यावाणी तोंड तर हुणार न्हाई तिचं."

एका अर्थानं तिचं बरोबर होतं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी शाळेत व्यसनांची होळी होती. केंद्रप्रमुख येणार, फोटो वर जाणार आणि मग शाळेला तंबाखूमुक्तीची पाटी मिळणार. पोरांनी घरून पुड्या आणायच्या आणि आगीत टाकायच्या असं ठरलेलं. पोरांनी आणल्याही, पण ढीग झाला टोपलीभर. एवढ्याशा ढिगाची होळी फोटोत दिसायची कशी? शेटजींनी निरोप धाडला, काळजी करू नका. तासाभरात वखारीतून तंबाखूच्या चुऱ्याची दोन पोती आली. गुरुजी क्षणभर घुटमळले. मग म्हणाले, "जाळली तेवढी तरी तोंडात जायची वाचली," आणि पोती ओतून घेतली.

आग लागली. पोरं घोषणा देऊ लागली. सानिका पुढं झाली आणि फ्रॉकच्या खिशातून तिनं ती मोराची डबी काढली. रिकामी घरी नेलेली डबी आईनं पुन्हा स्वतःसाठी भरून ठेवली होती. पोरीनं ती कोनाड्यातून पळवून आणली होती. तिनं ती नेम धरून आगीत टाकली. केंद्रप्रमुखांनी टाळ्या वाजवल्या, "शाब्बास" म्हणाले आणि फोटोसाठी तिला पुन्हा एकदा हात उगारायला लावला.

थोड्या वेळानं वास सुटला. वरवरचा चुरा भसाभसा पेटला, पण कडेचा नुसता तापून काळा पडत चालला होता, तव्यावर पडावा तसा. वखारीच्या बाया दुपारच्या सुट्टीत कुंपणापाशी येऊन उभ्या होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "अगं बया, मिश्री भाजल्यागत घमघमाट सुटलाय," आणि सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या.

पाहुणे पोहे खायला ऑफिसात गेले, मुलांना आम्ही वर्गात बसवलं. मी बाहेर आले तेव्हा बाया कुंपणाच्या आत होत्या. काटक्यांनी कडेचा काळा चुरा बाजूला ओढून, फुंकर मारून, पदरात भरत होत्या.

"अगं, काय करताय काय तुम्ही?"

"एवढी भाजलेली वाया कशाला घालवायची, बाई?" एक जण अगदी सरळ मनानं म्हणाली. "आमच्या तव्यावर अशी एकसारकी भाजत न्हाई."

शालन त्यांच्यातच होती. तिच्या पदरात मूठ-दोन मुठी चुरा होता आणि काटकीनं ती राखेतून मोराची डबी बाहेर ओढत होती. मोर जळाला होता, डबी शाबूत होती.

मी काही बोलायच्या आत सानिका वर्गातून धावत आली. ती रडली नाही की ओरडली नाही. तिनं आईचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"आई, टाक ते. तुला माझी शपथ हाय."

बायांच्या काटक्या थांबल्या. पोटच्या पोरीची शपथ ही काही साधी गोष्ट नव्हे. शालन तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं पदर झटकला. चुरा पुन्हा राखेत पडला. "टाकली बघ," ती म्हणाली, आणि पोरीला पोटाशी धरलं. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. जे माझ्या व्याख्यानानं झालं नाही, गुरुजींच्या कवट्यांनी झालं नाही, ते या पोरीनं केलं. त्या रात्री मी निवांत झोपले.

दोन-चार दिवस सानिका हवेत होती. मग एके सकाळी परिपाठ झाल्यावर माझ्याकडं आली. तोंड एवढंसं झालेलं.

"आईनं लावली, बाई. न्हाणीत जाऊन. मी बघितलं."

"मग तू काय केलंस?"

"काय न्हाई. बाई, आता मी मरणार?"

मी तिला गदागदा हलवून सांगितलं, की नाही मरणार, असं काही नसतं, कुणाच्या शपथेनं कुणी मरत नाही. त्या दिवशी मी मागचापुढचा विचार केला नाही, छापील शपथ गेली खड्ड्यात असंच वाटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. पण पुढं कितीतरी दिवस ती शाळेत आली की आधी स्वतःच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघायची. मिश्रीला मात्र तिनं बोट लावलं नाही. तेवढं तिच्या हातात होतं, आणि तेवढं ती करत होती.

हंगाम उरकला तेव्हा शालनला पाणीसुद्धा गिळवेनासं झालं होतं. मी तिला कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी बॅटरीनं तोंडात बघितलं आणि मला बाहेर बोलावून विचारलं, "इतके दिवस कुठं होता?" त्यांना मी काय सांगणार, हंगाम होता म्हणून? उन्हाळ्याच्या सुट्टीत शालन गेली. शेवटच्या दिवसांत ती हातानं खुणा करून मिश्री मागायची आणि सासू तिच्या हिरडीला लावायची, असं मला नंतर कळलं. मरणाऱ्या बाईला नाही म्हणायचं कुणी.

जूनमध्ये शाळा उघडली. फाटकावर नवी कोरी पाटी आली होती, निळ्यावर पांढरी अक्षरं, 'तंबाखूमुक्त शाळा'. ती लावायला पाहुणे यायचे होते. मी गुरुजींना गाठलं.

"गुरुजी, त्या पोरीची आई गेलीय. आता तरी ती ओळ काढा."

गुरुजींनी मान खाली घातली. "तिला सांगायला लावत नाही मी. दुसरं कुणीतरी सांगेल शपथ. पण ओळ राहू दे, बाई. पोरीनं सोडली, हे तुम्हीच सांगितलं होतं. त्या ओळीनं सोडली. एक तरी सुटली."

मी बाहेर पटांगणात आले. सानिका रांगेत नव्हती. ती कुठं असेल ते मला कुणी सांगायला नको होतं.

टाकीमागं ती तशीच उकिडवी बसली होती, आधीसारखी. जळक्या मोराची डबी शेजारी उघडी होती आणि बोट तोंडात. मला बघून तिनं हात लपवला नाही.

"सानिका," मी म्हटलं.

तिनं बोट काढलं, थुंकली, आणि अगदी शांतपणे, गणित सोडवून दाखवावं तसं मला सांगितलं.

"आईनं माझी शपथ मोडली, बाई. मला काय झालं न्हाई. मी आईची पाळली. एक बोटसुदीक लावलं न्हाई. आन् आई गेली."

"अगं, पण तुझं तोंड... आईचं काय झालं ते बघितलंस ना तू?"

"बघितलं की," ती म्हणाली. "पण ही लावली की भूक मरती. आन् आईची आठवण आली म्हंजे पण बरं पडतंय."

मी तिच्या शेजारी खाली बसले.

पटांगणातून घंटा झाली. तिनं डबीचं झाकण लावलं, डबी खिशात टाकली, नळाखाली चूळ भरली आणि हात फ्रॉकला पुसले. मी तिच्यामागून गेले. गुरुजींनी शपथ सांगायला चौथीतल्या एका मुलाला उभं केलं होतं. तो अडखळत होता, पाहुणे घड्याळ बघत होते.

"गुरुजी, मी सांगतो," सानिका म्हणाली.

गुरुजी गडबडले. "नको बाळा. तू बस."

"माझी पाठ हाय."

ती पुढं जाऊन उभी राहिली आणि उजवा हात समोर धरला. आवाज तोच, खणखणीत. तंबाखू, गुटखा, विडी, सिगारेट, एकेक ओळ ती न चुकता म्हणत गेली आणि मुलं तिच्यामागून म्हणत गेली. शेवटच्या ओळीपाशी पूर्वी तिचा आवाज थोडा खाली यायचा, आई दिसत असल्यासारखी ती जरा बिचकायची. त्या दिवशी ती बिचकली नाही.

"ही शपथ मी मोडणार नाही," ती म्हणाली, आणि मग सगळ्यांत मोठ्यानं, "माझ्या आईची शपथ."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिच्यामागून सगळ्या शाळेनं ती ओळ म्हटली.